बोट न लावलेली नोट

म्हातारा : गेल्या वर्षी तू साडेचार लाख म्हणालास. याच काउंटरवर, याच दिव्याखाली. मी चार मागतोय. पन्नास हजार तुला सोडले. काढ पैसे.

दुकानदार : काका, आधी बसा तरी. केवढी धाप लागलीय. वर्षातून एकदा दर्शन देणारे तुम्ही, यंदा चार महिने आधीच उगवलात.

म्हातारा : म्हातारी पडली.

दुकानदार : अरेरे! काकू? कुठं?

म्हातारा : न्हाणीघरात. म्हातारी माणसं आणखी कुठं पडतात? खुब्याचं हाड मोडलंय. गुरुवारपर्यंत ऑपरेशन केलं तर काठी धरून चालेल, नाहीतर उरलेला जन्म अंथरुणात. आज मंगळवार.

दुकानदार : आणि मुलगा?

म्हातारा : त्याचं नाव काढू नको. फोनवर म्हणाला, 'बाबा, तुमची ती लाडकी विका की आता. माझ्या फीला पैसे नव्हते तेव्हाही ती कपाटात आरामात पडलेली होतीच.' ठेवला फोन. खोटं काय बोलला? काही नाही.

दुकानदार : काका, तुम्हाला म्हणून सांगतो, बाजार पार झोपलाय. मोठ्या नोटांना कुणी विचारत नाही. दोन-तीन महिने कळ काढा...

म्हातारा : हाड कळ काढेल? आणि बाजार कसला झोपलाय? तूच मला घोकून घोकून शिकवलंयस. दहा हजारी नोट, सरकारनं रद्द केली तेव्हा लोकांनी रांगा लावून परत भरल्या, आता अख्ख्या देशात पन्नाससुद्धा उरल्या नसतील. शब्द तुझेच ना? नसेल तुझ्याकडे रोकड, तर तसं सांग. पुलापलीकडच्या लिलाववाल्याकडे जातो.

दुकानदार : तिकडं जाऊ नका.

म्हातारा : का? तुझा कमिशनचा घास जाईल म्हणून?

दुकानदार : काका, तिकडं जाऊ नका म्हणतोय ना. तो नोट यंत्राखाली धरेल आणि दुसऱ्या मिनिटाला पोलिसाला फोन लावेल.

म्हातारा : पोलिसाला? चोरून आणलीय का मी? तुझ्या बापाकडून घेतली. एकतीस वर्षं झाली. सही-शिक्क्याची पावती आहे.

दुकानदार : पावती खरी आहे.

म्हातारा : म्हणजे?

दुकानदार : पावतीच तेवढी खरी आहे.

म्हातारा : तोंड नीट उघडून बोल.

दुकानदार : काढा नोट पाकिटातून. काढा हो. आज लावा बोट.

म्हातारा : वेडा झालास? बोटाचं तेल लागतं, किंमत जाते. हेही तूच...

दुकानदार : जायला किंमत असावी लागते, काका. लावा अंगठा. तुम्ही छापखान्यातले. मशीनवर चाळीस वर्षं काढलीत. डोळे मिटून फिरवा अंगठा त्या राजाच्या चेहऱ्यावरनं, मग त्या आकड्यावरनं, आणि तुम्हीच मला सांगा.

म्हातारा : (डोळे मिटून अंगठा फिरवतो.)

दुकानदार : सांगा.

म्हातारा : शाई उठलेलीच नाही.

दुकानदार : हं.

म्हातारा : गुळगुळीत आहे. सगळी. इथून तिथवर. खऱ्या नोटेवर चेहऱ्याची शाई कागदाच्या वर उठलेली लागते. आकडा कागदात रुततो, मागून उंचवटा लागतो. इथं काही नाही. मी लोकांच्या लग्नाच्या पत्रिका छापल्या, त्या याच्यापेक्षा उठावदार होत्या रे! हे तर... हे तर फोटो काढून छापलंय कुणीतरी.

दुकानदार : काम चांगलं आहे तरी. त्या काळाच्या मानानं.

म्हातारा : तुला माहीत होतं.

दुकानदार : बाबा गेले तेव्हा त्यांच्या वहीत सापडलं. तोवर नव्हतं माहीत. आईशप्पथ.

म्हातारा : बाप मरून तुझा अठरा वर्षं झाली! अठरा वर्षं मी दरसाल येतोय. अठरा वेळा तू भिंग लावून बघितलीस. 'वा काका, काय जपलीय!' म्हणालास. दर खेपेला नवं पाकीट गळ्यात मारलंस!

दुकानदार : पाकिटात मला काय सुटतं हो? चहाचेसुद्धा नाही.

म्हातारा : मग भाव कशाला चढवत होतास दरवर्षी? कुणी सांगितलं होतं?

दुकानदार : तुम्हाला बरं वाटायचं. एका साली मी म्हणालो, यंदा आहे तिथंच आहे. आठवतं? तुम्ही चहा न पिता गेलात आणि महिनाभर आजारी होतात, काकूंनीच सांगितलं. पुढच्या वर्षी मी गपचूप तीस हजार वाढवले. माझ्या खिशातून काय जात होतं? तुमचा चेहरा असा उजळायचा की बघत राहावं.

म्हातारा : त्या तीस हजारांवर मी जगलो, हरामखोरा. घरात तेलाचा थेंब नसायचा आणि मी हिला जाऊन सांगायचो, यंदा आपण तीस हजारांनी वाढलो.

दुकानदार : बघा, म्हणजे उपयोग झाला की.

म्हातारा : हिच्या चार बांगड्या मोडल्या होत्या मी. सोन्याच्या, तिच्या आईच्या. म्हणालो होतो, नोट विकली की आठ करून देतो. ती नोटेला सवत म्हणते. 'हिला ऊन लागू द्यायचं नाही, हात लावू द्यायचा नाही, महिन्यातून एकदा कपाट उघडून बघायची. मला कधी बघितलंत एवढं?' असं म्हणते. आणि हसते. काल स्ट्रेचरवर घेतली तेव्हासुद्धा मला म्हणाली, 'आता सवतीला घराबाहेर काढा. एकदाची कामाला येऊ दे.'

दुकानदार : काकूंचा स्वभावच गमतीदार.

म्हातारा : मीच का रे? तुझ्या बापाला अख्ख्या गावात मीच दिसलो? छापखान्यातला माणूस. मला तर पहिल्या स्पर्शात कळलं असतं.

दुकानदार : म्हणून तर 'बोट लावू नका' हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं. बाकीच्यांना इतकं बजावत नव्हते ते. बाबांचा एक हिशेब होता. खरी नोट पुढं विकणाऱ्याला द्यायची, कारण ती दहा हातांतून जाणार, दहा डोळे बघणार. खोटी द्यायची ती जपणाऱ्याला. वहीत तुमच्या नावापुढं लिहिलंय, 'हा कधीच विकणार नाही.' चूक झाली ती एवढीच.

म्हातारा : माझे पैसे दे.

दुकानदार : कुठले?

म्हातारा : चार बांगड्यांचे. आजच्या सोन्याच्या भावानं.

दुकानदार : बाबांकडून घ्या.

म्हातारा : मग मीच जातो पोलिसात.

दुकानदार : जा. नोट कुणाच्या कपाटात सापडली? तुमच्या. चाळीस वर्षं छपाईचं काम कुणी केलं? तुम्ही. बनावट नोट आणि घरात छापखान्याचा माणूस. मला काही म्हणायचं नाही, पोलिसाच्या डोक्यात काय येईल तेवढं सांगितलं. गुरुवार मात्र चौकीत जाईल.

म्हातारा : (दाराकडे वळतो.)

दुकानदार : बसा काका. रागावू नका. एक वाट आहे.

म्हातारा : तुझी वाट मला नको.

दुकानदार : ऐकून तर घ्या. पाच वाजता एक घड्याळवाला येणारेय. रिपेरीवाला. सहा महिने माझ्या डोक्यावर बसलाय, दहा हजारी हवी, दहा हजारी हवी. तीन लाख जमवलेत त्यानं, आज पैसे घेऊनच येतोय, कुठली तरी दाखवाच म्हणून. मी दाखवली तर चार ठिकाणी विचारत फिरेल, दुकानदारावर कोण भरवसा ठेवतो? पण घरच्या माणसाकडून, एकतीस वर्षं जपलेली, अडचणीत निघालेली... काका, तुमच्या तोंडाला प्रमाणपत्र लागत नाही. दोन लाख तुमचे, एक माझा. ऑपरेशन होऊन वर काठीचेसुद्धा पैसे निघतील.

म्हातारा : थू तुझ्या तोंडावर.

दुकानदार : थुंका. पण खोटं बोला असं मी म्हटलंय का? एक शब्दही खोटा बोलायचा नाही तुम्ही. किती वर्षं ठेवलीत, कशी ठेवलीत, आज का विकताय. सगळं खरं. बाकीचं मी बोलतो.

म्हातारा : तो तुझ्या वहीत काय म्हणून लिहिलाय?

दुकानदार : अजून लिहिला नाही. पण जपणारा आहे.

म्हातारा : उद्या त्याची बायको पडली म्हणजे?

दुकानदार : तरुण आहे हो. तीस वर्षं तरी नाही पडत. काका, तुम्ही जन्मभर इतरांचा विचार करत बसलात असंही नाही ना? मुलाच्या फीच्या वेळी? मग आज या परक्याचा एवढा पुळका कशाला? काकू तिकडं छताकडं बघत पडल्यात. पाचला दहा कमी आहेत. ती नोट आत सरकवा. नवं पाकीट देतो. याचे पैसे नकोत.

(दाराची घंटी वाजते. घड्याळवाला पोटाशी पिशवी धरून आत येतो.)

घड्याळवाला : शेठ, दहा मिनिटं आधीच आलो, राहवलं नाही. हीच का? या आजोबांची? अहो, मी काल रात्रभर झोपलो नाही!

दुकानदार : यांचीच. सावकाश बघा. काका छापखान्यात होते, कागदाची कदर असलेला माणूस. एकतीस वर्षं घरात ठेवलीय.

घड्याळवाला : एकतीस! मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आजोबा, खरंच इतकी वर्षं?

म्हातारा : हो.

घड्याळवाला : आणि एक घडी नाही, डाग नाही! बघा तो रंग. शेठ, दिवा जरा इकडं करा. आजोबा, कशी ठेवायचात?

म्हातारा : कपाटात. कपड्यांच्या खाली, अंधारात. पैसे कुठून आणलेत तुम्ही?

घड्याळवाला : साठवले. सात वर्षं. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर स्टूल टाकून बसतो मी. पावसाळ्यात पाठ भिजते, घड्याळ कोरडं राहतं. स्वतःचा गाळा घ्यायला म्हणून जमवत होतो.

म्हातारा : मग गाळा घ्या.

दुकानदार : काका...

म्हातारा : गाळा घ्या म्हणतोय. पाठ कोरडी राहील.

घड्याळवाला : गाळ्याचं काय हो, आज ना उद्या होईल. ही परत मिळायची नाही. शेठ म्हणतात, दहा वर्षांत दुप्पट. तेव्हा दोन गाळे घेईन, समोरासमोर!

म्हातारा : बायकोला विचारलंत?

घड्याळवाला : तिला काय कळतंय? वेडा म्हणेल मला. नंतर दाखवेन. आजी काय म्हणाल्या होत्या, तुम्ही घेतली तेव्हा?

म्हातारा : सवत म्हणाली.

घड्याळवाला : सवत! हे भारी. आमचीपण हेच म्हणणार. मग आज सवतीला का काढताय, आजोबा?

म्हातारा : बायको पडलीय. गुरुवारी ऑपरेशन आहे.

घड्याळवाला : अरे देवा. मग मी अजिबात घासाघीस करणार नाही. तीनला तीन. घ्या, मोजून घ्या शेठ. एवढी जपलेली चीज अशा वेळी द्यावी लागतेय, आणि मी भाव पाडू? नाही जमायचं आपल्याला. आजोबा, तुमच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुकानदार : यायचंच. एकतीस वर्षांचा सहवास आहे.

घड्याळवाला : मी नीट सांभाळेन. शब्द देतो. तुम्हाला कधी वाटलं तर घरी येऊन बघून जा.

दुकानदार : आणि वर्षातून एकदा इथं दाखवायला आणत जा. मी भाव सांगत जाईन.

घड्याळवाला : नक्की आणणार! आजोबा, एक विचारू? एवढ्या वर्षांत कधी हात लावून बघावंसं नाही वाटलं?

म्हातारा : वाटायचं. आज लावला.

घड्याळवाला : आजच? कशी लागते हो?

म्हातारा : गुळगुळीत.

घड्याळवाला : अहाहा! काय नशीब. शेठ, मी एकदा? जरासाच. नुसता अंगठा. माझा हात हलका आहे, केसाएवढ्या स्प्रिंगा उचलतो मी दिवसभर.

दुकानदार : ते मी कसं सांगू? काकांना विचारा.

घड्याळवाला : आजोबा? लावू?

म्हातारा : ...

घड्याळवाला : लावू का?

म्हातारा : नको. बोट लावू नका. तेल लागतं बोटाचं. किंमत जाते.

घड्याळवाला : बरं झालं सांगितलंत, आजोबा. मी लावलंच असतं.