चौदा कापडी पिशव्या

अगं, पर्यावरण कसं वाचवायचं ते आमच्या चंदीगडच्या मराठी बायकांकडून शिक! यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी वाण म्हणून कापडी पिशवीच द्यायची, असं आमचं ठरलं. प्लॅस्टिक बंद म्हणजे बंद, एकदम पक्कं.

मग निघालो घरोघरी. आम्ही पाच जणी आणि गाड्याही पाच. मी म्हटलं, "एकाच गाडीतून जाऊ या ना." तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "नको गं, दाटीवाटीत साड्या चुरगळतात."

आठवडाभरात माझ्याकडे चौदा पिशव्या जमल्या. प्रत्येक पिशवी प्लॅस्टिकच्या चकचकीत पाकिटात, बरं का!

रविवारी नवरा मंडीतून भाजी घेऊन आला, तीही प्लॅस्टिकच्या सहा पिशव्यांमधून. मी भडकलेच. "घरात चौदा कापडी पिशव्या असताना?"

तो शांतपणे म्हणाला, "निघताना एक घेतली होती. तूच ओरडलीस, 'ठेव ती! कोरी आहे, पुढच्या वर्षी वाणाला देता येईल.'"

मी काही बोलणार, तेवढ्यात लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पापा, मम्मा सही है. इसी को तो रीसायकलिंग बोलते हैं."