पाच आठवडे

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आपल्या नंबराची वाट बघत बसलेल्या निवृत्त कंडक्टरच्या शेजारी एक गरोदर बाई आणि तिचा नवरा येऊन बसले. बसल्या बसल्या बाईने फाइल उघडली.

"ही तारीख वाच."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. वाच."

"पाच आठवड्यांपूर्वीची आहे."

"आणि खाली लिहिलंय, बाळाच्या पाठीचा कणा नीट मिटलेला नाही. मला काय सांगितलंस? सगळं छान आहे म्हणून!"

"डॉक्टरांनी मला आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं. आई म्हणाली, ती हाय खाईल, इतक्यात नको सांगायला."

"आणि तू मान डोलावलीस."

"तुझ्या काळजीपोटीच ना!"

"बाळ पोटात असतानाच ऑपरेशन करता येतं, सव्विसाव्या आठवड्यापर्यंत. आता कितवा चालू आहे?"

"सत्ताविसावा. पण जन्मल्यावरही करतातच की."

"करतात, आणि मी करून घेणारच आहे. पण आधी झालं असतं, तर कदाचित त्याच्या पायांत जास्त बळ राहिलं असतं. करायचं की नाही, ते मी ठरवलं असतं. मी!"

दार उघडून नर्स बाहेर आली.

"पेशंटने इथेच थांबायचं. नातेवाईक कोण आहे? डॉक्टरांना आधी त्यांच्याशी बोलायचंय."

नवरा उठला.

"खाली बस. सिस्टर, बाळ माझ्या पोटात आहे. काय बोलायचं ते माझ्याशी बोला."

कंडक्टरने पाय आखडून तिला वाट दिली. मागोमाग नवरा निघाला, तसे कंडक्टरने पाय पुन्हा वाटेत लांब पसरले.