शिंगवाल्याच्या गालावर

राजारामपुरीत कुरिअरच्या रांगेत माझ्या पुढं मायलेक उभे होते. चिकटपट्टी मारण्याआधी लेकानं खोक्यातल्या हातभर पुतळ्याकडं शेवटचं डोकावून बघितलं.

“आई, ह्याच्या गालावर काळं काय लागलंय?”

“काजळ हाय. मीच लावलं.”

“राक्षसाला काजळ?”

“परवा सोयरं आलतं, तवा तुझी हुणारी सासू टक लावून कपाटात ह्याच्याकडंच बघत हुती. दृष्ट लागंल की.”

“अगं, शिंगं, वटवाघळाचं पंख, तोंडातनं रगत! पिच्चरमधी ह्याला बघून माणसं किंचाळत्यात. भ्याल्या आसतील त्या.”

“भ्यायला काय झालं? रोज फडकं मारतीय मी. गरीब हाय बिचारा.”

“तुला सवय हाय. लग्न होऊन पूर्णिमा आली, की ती कशी ऱ्हाईल असल्यांच्यात? म्हणून तर इकाय लागलोय.”

“तिला इचारलंस?”

“त्यात काय इचारायचं?”

“तुझ्या बाच्या मिशा बघून मी बी भ्यालती. नांदलीच की.”

“आई, साताऱ्याचं गिऱ्हाईक वाट बघतंय.”

“मग पाठीव. दहावीत असताना सगळ्यांत पयला हाच आणलावतास तू. ठिपका तेवढा पुसू नगंस. परक्या घरात जातंय लेकरू.”

रांग पुढं सरकली.

“पावणं, चला की,” मी म्हणालो.

“तुम्ही व्हा फुडं.”

“का रं, विश्वजित?”

“आई, पदर धर त्याच्यावर. किती माणसं बघाय लागल्यात.”