उजवीकडे ओढणारे मामा

आमच्या मामांच्या अलाइनमेंटचा किस्सा ऐकलाय का तुम्ही? मामा म्हणजे पुणतांब्याचे निवृत्त हेडमास्तर. त्यांची गाडी एकदा खड्ड्यात आपटली आणि तेव्हापासून डावीकडे ओढायला लागली. मामा वर्षभर स्टेअरिंग उजवीकडे दाबूनच चालवत राहिले. पुढचे टायर एका बाजूनं झिजले, तेव्हा कुठे चाकं सरळ करून घ्यायला, म्हणजे अलाइनमेंटला, श्रीरामपूरच्या गॅरेजवर जायला तयार झाले. मी आणि मामी मागे बसलो होतो.

अलाइनमेंट झालं, गाडी रस्त्याला लागली आणि थेट समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडेच निघाली. मामी किंचाळली. मामांनी कशीबशी गाडी आवरली आणि तणतणत परत गॅरेजवर मिस्त्रीसमोर आणली.

“बिघडवलीस तू गाडी! आता उजवीकडं ओढतीय.”

मिस्त्री त्यांच्या शेजारी बसला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घ्यायला लावली. मोकळा रस्ता लागल्यावर म्हणाला, “सर, आता हात जरा सैल सोडा.”

मामांनी घाबरत घाबरत पकड ढिली केली. गाडी दोरी लावल्यासारखी सरळ चालली.

“गाडी न्हाई ओढत सर, तुमीच ओढताय. हाताला सवय लागलीय.”

मामी मागून म्हणाली, “तीस वर्षं मी तरी दुसरं काय सांगतेय? जरा सोडून बघा, सगळं आपोआप सरळ चालतं.”