इब्राहीमभाईची फणी आणि माझी बाटली

अध्यक्ष गुरुजी, अमिनाभाभी, यमुनावहिनी, आणि शाळेच्या ओटीवर मावत नाही म्हणून बाहेर माडाखाली उभ्या राहिलेल्या मंडळींनो,

इथं बोलायला उभं राहणं मला जड जातंय. इब्राहीमभाई गेल्याचं दुःख आहेच. पण खोटं कशाला सांगू, तुमची ही गर्दी बघूनही जड जातंय. एका माणसासाठी एवढी माणसं? आगरदांड्याहून होड्या भरून आलीत. तुम्हाला बघून माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, हे आलं.

असाच आहे मी. इब्राहीमभाईच्या बाबतीत पहिल्यापासून असाच.

मला तुम्ही ओळखता. धक्क्याजवळचं औषधांचं दुकान माझं. मुंबईला राहून कंपाउंडरचं काम शिकून आलो. बाटलीवरचं इंग्रजी वाचता येतं. आणि इब्राहीमभाई? उभा जन्म मचव्यावर भात शिजवत होता. अक्षरओळख नाही. उतारवयात दर्या सोडला आणि अंगणात बसून लोकांच्या मांजराकुत्र्यांच्या पिसवा काढायला लागला. भाताच्या कोठारात उंदरांसाठी मांजर हवंच, वाडीच्या राखणीला कुत्रा हवाच, म्हणजे पिसवाही आल्याच. गाव त्याच्याकडे जायचं. माझ्या दुकानावरून, माझ्या डोळ्यांदेखत, मांजर कडेवर घेऊन जायचं!

करायचा काय तो? कडुनिंबाचा पाला उकळायचा, पाणी कोमट करायचं, साधा साबण घ्यायचा. फेस आधी मानेभोवती, म्हणजे पिसवा कानाकडे पळत नाहीत. मग बारीक दातांची फणी. फणीत आलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. एका मांजराला तासभर. आणि वर ताकीद: ‘जनावर निजतं तो गोणपाट उकळून उन्हात घाल, कोपरे झाडून काढ. आठ दिवसांनी परत आन. अंडी उरतात.’ असं तीनदा. मला हसू यायचं. तासभर फणी फिरवणाऱ्या माणसाला लोक हकीम समजतात!

आता सोनीचं सांगतो. सोनी म्हणजे यमुनावहिनींचं पांढरं मांजर. गुरुजींच्या घरात लेकरू नाही, सोनीच लेकरू होतं. वहिनी तिला इब्राहीमभाईकडे घेऊन गेल्या. त्यानं पहिली खेप केली आणि आठ दिवसांनी बोलावलं. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या दुकानासमोरून जात होत्या. मी हाक मारली. हो, मी मारली. म्हटलं, “वहिनी, आठ आठ दिवस कशाला? मुंबईचं औषध आहे. एका खेपेत साफ.”

त्या म्हणाल्या, “बाधणार न्हाय ना?”

मी म्हटलं, “दवाखान्यात वापरतात.”

वापरतात, पण फरशी पुसायला. ते कार्बोलिक होतं. मी पाण्यात मिसळून दिलं, सगळ्या अंगाला चोळा म्हणून सांगितलं. आणि खरं सांगतो, पिसवा पटापट मेल्या. वहिनी मुद्दाम सांगायला आल्या. त्या वेळी माझ्याइतका सुखी माणूस आपल्या दिघीत नव्हता.

त्याच दुपारी सोनीच्या तोंडाला लाळ सुटली. अंग थरथरायला लागलं. मागचे पाय गेले. दिवेलागणीच्या आत ती गेली.

वहिनी रडत माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “काल इब्राहीमभाईनं पाल्याचं पाणी लावलं होतं. त्यानं तर काय झालं नसेल?”

मी काय बोलायला हवं होतं? आणि बोललो काय? मी म्हटलं, “त्याच्या पाण्यात काय असतं, कोणाला ठाऊक!”

एवढंच बोललो. एवढं पुरलं. गावात त्याला ‘मांजरमाऱ्या’ म्हणायला लागले. पावसाळा आला, गेला, त्याच्या अंगणात कोणी जनावर आणलं नाही. आणि मला बरं वाटत होतं, मंडळी. बरं वाटत होतं.

तो एकदाच दुकानात आला. त्या कार्बोलिकच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला. म्हणाला, “गोविंदा, मांजर आंग चाटतं. तू बाहेरून लाव, जानार ते पोटातच. कातडीतूनसुद्धा भिनतं. हे परत देऊ नको. पिसवांवर तंबाखूचं पानीही नको. कुत्र्यालासुद्धा नको.” बूच लावलं आणि निघून गेला. मला वाटलं, आता हा गावभर सांगणार. तो कोणाला बोलला नाही. त्याचाही मला राग आला. चांगुलपणातही हा माझ्या पुढेच!

मग माझ्याच मोत्याला पिसवा झाल्या. खाजवून खाजवून पाठ रक्ताळली. दुकानात बाटल्यांची रांग, पण माझ्या कुत्र्याला त्यातली एक लावायचा मला धीर झाला नाही. मोत्याला घेऊन मी इब्राहीमभाईकडे गेलो. मागच्या वाडीतून गेलो, कोणी बघू नये म्हणून.

त्यानं मोत्याला धुतलं, विंचरलं. निघताना म्हणाला, “पुढच्या खेपेला पुढल्या दारानं ये गोविंदा. तुझं कुत्रं माझ्याकडे येतं हे लोकांना दिसलं, तर माझं नाव धुऊन निघंल.”

जन्मात त्यानं माझ्याकडे एवढंच मागितलं. आठ दिवसांनी मी गेलो, तो मागच्या वाडीतूनच. तिसऱ्यांदाही तसाच. अमिनाभाभी, तुम्ही तेव्हा तुमच्या घरामागच्या विहिरीवर होतात, तुम्ही बघितलंय. तिन्ही खेपा त्यानं तितक्याच मायेनं केल्या. मोत्या बरा झाला. हळूहळू गावही त्याच्याकडे परत गेलं. पण ते नाव? परवा तापानं तो गेला, तेव्हा धक्क्यावर एक जण विचारत होता, “कोण, तो मांजरमाऱ्या?” मी तिथंच उभा होतो. तेव्हाही गप्प राहिलो.

यमुनावहिनी, सोनी माझ्या बाटलीनं मेली. इब्राहीमभाईच्या पाण्यानं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं.

गुरुजी, तुम्ही उठू नका. मला संपवू द्या.

मंडळी, माझं काय करायचं ते उद्या ठरवा. दुकानात येऊ नका, तोंडावर थुंका, मी घरी सापडेन. आता माझ्याकडे बघू नका. त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहा. आणि उद्यापासून त्याची आठवण त्याच्या खऱ्या नावानं काढा.

इब्राहीमभाई, सलाम.