आईचे चांगले दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या दवाखान्याचे मोठे डॉक्टर, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही त्या परिचारिका ताई, समोर बसलेले सर्व रुग्ण व नातेवाईक, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या संख्याशास्त्राच्या बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी रक्तदाबाचे आकडे संगणकात भरतो. शिक्षण अर्धवट राहिलं, म्हणून भाषण लिहून आणलं आहे. शुद्धलेखन तपासलं आहे; अर्थ मात्र मलाच अजून नीट लागलेला नाही.

नव्या गोळीने रक्तदाब खरोखर उतरतो का, हे शोधायचं काम बाईंकडे होतं. मी आकडे भरले, आलेख काढला, आणि बघतो तर काय! गोळी घेणाऱ्यांचाच दाब जास्त! आणि माझी आई तीच गोळी घेते. मी धावत बाईंकडे गेलो. "आईची गोळी बंद करू का?"

"थांब रे बाबा. गोळी देतात कोणाला? ज्याचा दाब आधीच चढलाय त्यालाच ना? आणि तुझी आई इथे येते कधी?"

"चक्कर आली की."

"आणि बरं वाटत असलं की?"

"तेव्हा ती म्हणते, 'धडधाकट माणसाने दवाखान्यात काय फिरायला जायचं?'"

"म्हणजे तिचे चांगले दिवस आपल्या संगणकात नाहीतच," बाई म्हणाल्या.

मग उपाय काय? इथे मी पुरता गोंधळलो. आपले टपालवाले काका टपाल द्यायला येतात आणि आलोच आहे तर म्हणून दाब मोजायला दंड पुढे करतात, डोकं दुखो वा न दुखो. आधी कोण किती आजारी होतं हे बाईंनी जमेस धरलंच, शिवाय काकांसारख्यांचा एकेक आकडा चौपट धरला. मी म्हणालो, "बाई, एक माणूस चौघांएवढा? मतदानात असं केलं तर तुरुंगात टाकतील!"

"जे बरे असताना आलेच नाहीत, त्यांच्या वतीने काका बोलतात," बाई म्हणाल्या. काका तेव्हापासून छाती काढून चालतात.

शेवटी चित्र पालटलं. एकंदरीत गोळीचा फायदा दिसला. मोठ्या डॉक्टरांनी आनंदाने टेबलावर थाप मारली. पण मंडळी, माझ्या आईचं काय? परवा बाईंना पुन्हा विचारलं.

"सगळ्यांचं मिळून सांगता येतं रे. तुझ्या एकट्या आईचं नाही. गोळी बंद करू नकोस, आणि तिला एकदा बरं वाटत असताना घेऊन ये."

एवढं गणित करून हेच उत्तर? मी रात्रभर विचार केला. अजून करतो आहे.

बाई, आज आई आली आहे. तिसऱ्या रांगेत, चष्मा पुसते आहे ती. चक्कर नाही, काही नाही. केवळ तुमच्या निरोपाला आली. चहाच्या आधी ताई तिचा दाब मोजणार आहेत. हे तिला आत्ताच कळलं, म्हणून ती माझ्याकडे डोळे वटारून बघते आहे. आकडा काय येईल, माहीत नाही. एका आकड्यावरून काही कळेल का, तेही माहीत नाही. पण संगणकात आईचा हा पहिला चांगला दिवस असेल, आणि तुम्ही जायच्या आत मी तो भरणार आहे.

बाई, तुमचे मनापासून आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलाही ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी.

आणि आई, रागावू नकोस. निदान मोजून होईपर्यंत तरी.