दोनशे तेरावी चकती

...आणि वर मलाच विचारतात हो, "मामा, रोज मोजत होता तुम्ही, तुमच्या कसं ध्यानात आलं नाही?" आता घ्या! एवढा मोठा कारखाना, त्यात शिकलेली माणसं खंडीभर, आणि ध्यानात यायचं कोणाच्या, तर झाडूवाल्याच्या! तुम्हाला सांगतो, शाळेची पायरी मी चढलो नाही. आकडे तेवढे ओळखतो, तेही का, तर फाटकाजवळ तो मोठा फळा आहे ना, 'अपघाताशिवाय गेलेले दिवस', त्याला तीन खिळे ठोकलेत, त्या खिळ्यांवर पत्र्याचे आकडे टांगायचे आणि रोज सकाळी एकाने वाढवायचे, ते काम माझ्याकडे. बारा वर्षं झाली. कोणाचं काही होवो, आपलं काय, आपण आकडा बदलायचा.

तुम्ही म्हणाल, अपघात झाला की शून्यावर येत असेल. येतो ना! पण अपघात झाला असं आधी ठरायला नको? मागं आमच्याच ठेकेदाराच्या रंगाऱ्याचा अंगठा गेला मशीनच्या पट्ट्यात. अंगठा हो, अख्खा! मी आपला शून्याच्या पाट्या पुसून फळ्यापाशी उभा, तर ऑफिसातून निरोप, "मामा, तो कंत्राटी आहे. कंत्राटी माणसाचं धरत नाहीत." म्हणजे अंगठा गेला, पण धरला नाही. चारशे अकरा होते, चारशे बारा केले.

त्या दिवशी एकटा भांडला तो आमचा सेफ्टी साहेब. "अंगठा काय कंत्राटी होता का?" असं मोठ्या साहेबाच्या तोंडावर म्हणाला. असा माणूस! नुसता भोंगा. "ए, हेल्मेट डोक्याला की गुडघ्याला? ए, वर चढलास तर बेल्ट कुठाय? पत्र्याच्या मधे पाय देऊ नको, खाली येशील, बोल्टच्या रेषेवरून चाल, तिथं खाली तुळई आहे!" दिवसातून दहादा. माणसं शिव्या घालायची, आणि त्याच्यामुळे धड हातापायांनी घरी जायची.

पण मग वरून नवीन टूम निघाली. काय, तर आता नुसते हातपाय नाही, सेफ्टीवाल्यानं माणसांची मनंसुद्धा सांभाळायची. घ्या! डोकं बाहेरून सांभाळत होता तो बिचारा, आता आतूनही सांभाळ! गमबुटांची खोली रिकामी केली, तिथं मऊ खुर्ची आली, एक झाड आलं कुंडीतलं, आणि दारावर पाटी, म्हणे मन मोकळं करायची खोली. रबराचा वास काही गेला नाही. आत रडायला गेलेला माणूस शिंकत बाहेर यायचा.

आणि चकत्या! त्या मीच केल्या हो, मोडक्या हेल्मेटांच्या, करवतीनं कापून. हिरवी, पिवळी, लाल. हिरवी म्हणजे बरं चाललंय, पिवळी म्हणजे चाललंय, लाल म्हणजे चालत नाही. आत येताना ज्यानं त्यानं तबकातून आपल्या मनाची एक उचलायची आणि पेटीत टाकायची, नाव नाही गाव नाही. मोजायला मी. नऊ वाजता साहेबाला सांगायचं, चकत्या इतक्या, हजेरी इतकी, लाल इतक्या. हजेरीशी जुळलं की झालं. मनाबिनातलं मला काय कळतंय? आपलं काय, आपण आकडा बदलायचा.

पहिली लाल निघाली लेथवाल्याची. लेथवाला म्हणजे वीस वर्षं एकाच लेथवर उभा राहिलेला, गरीब माणूस. त्याची बायको गेली होती, महिना झाला नव्हता. तो स्वतःहून त्या खोलीत गेला, बोलला, रडला, शिंकला. साहेबानं भल्या मनानं सगळं कागदावर उतरवलं. कागद वर गेला. वरून काय यावं? "मन ठिकाणावर नाही, मशीनवर उभा करू नका." उचलला आणि बसवला पॅकिंगला, खोक्यांना चिकटपट्टी लावत! मला म्हणतो, "मामा, घरात बायको नाही, इथं लेथ नाही. एक चकती टाकली, बघा." साहेब चार वेळा वर जाऊन आला त्याच्यासाठी. चारही वेळा मान खाली घालून परत.

झालं! त्या दिवसापासून सगळा कारखाना सुखी. हिरव्याच हिरव्या! कोणाच्या घरी पोर आजारी, कोणाला डोळ्याला डोळा नाही, एकजण तर रडत रडत हिरवी टाकताना मी पाहिला. वर मोठा साहेब खूश. म्हणे, "वा, काय वातावरण आहे आपल्याकडे!" पण लोकांची दुःखं कुठं जाणार? चकतीत नाही तर साहेबाच्या कानात. जिन्यात गाठून, मुतारीत गाठून, "साहेब, लिहू नका, पण ऐका." दोनशे बारा माणसं आणि कान दोन. भोंगा बारीक होत गेला. बेल्ट नसलेल्याकडे नुसता बघायचा आणि पुढं जायचा. आम्ही म्हटलं, चला, साहेब निवळला!

आणि मग तुम्हाला सांगतो, रोज एक लाल निघायला लागली. एकच. रोज. म्हटलं, हा कोण वेडा? ह्याचाही लेथवाला करतील! आणि गंमत बघा, पेटीत रोज एक चकती जास्तच. हजेरी दोनशे बारा तर चकत्या दोनशे तेरा, हजेरी दोनशे नऊ तर चकत्या दोनशे दहा. मी म्हटलं, आपण अडाणी, आपलंच मोजणं चुकतंय. पण ती लाल बाजूला काढली ना, की बरोब्बर जुळायचं! मग काय, देवानंच वाट दाखवली म्हणायची. घातली खिशात. नऊ वाजता साहेब विचारणार, "चकत्या?" दोनशे बारा. "हजेरी?" दोनशे बारा. "लाल किती, मामा?" एकही नाही, साहेब. "नक्की?" नक्की. मग तो माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटायचं, खूश आहे माझ्यावर. संध्याकाळी लाल परत तबकात ठेवायची, सकाळी ती परत पेटीत. दीड महिना!

एकदा ठेवायची राहिली, घरी आली. म्हातारीला सापडली सदरा धुताना. "हे काय हो?" सांगितलं. तर म्हणते, "अहो, कोणीतरी रोज हाक मारतंय आणि तुम्ही ती खिशात घालून हिंडताय? विचारा की सगळ्यांना, कोणाची म्हणून." म्हटलं, तुला कारखान्यातलं कळत नाही. भांडी घास. ...चुकलं माझं. ती काय खोटं बोलली होती?

मग तो दिवस. जेवणाची सुट्टी. साहेब एकटाच शेडवर चढला, म्हणे वरचा पत्रा हलतोय. डोक्याला हेल्मेट नाही, कमरेला बेल्ट नाही, आणि चालला कुठून, तर पत्र्याच्या मधून! आयुष्यभर ज्यानं बोल्टच्या रेषा दाखवल्या, तो! खालून लेथवाला ओरडला, "साहेब, रेषेवर! रेषेवर या!" साहेबानं खाली पाहिलं म्हणतात. ऐकू आलं असणार. पाय चुकला की चुकवला, ते तो पत्राच जाणे. खाली आला तो पॅकिंगच्या रिकाम्या खोक्यांवर, म्हणून वाचला. लेथवाल्यानं चिकटपट्टी लावून रचलेली खोकी. कंबर मोडली, पाय दोन ठिकाणी.

इस्पितळात गेलो मी आणि लेथवाला. पाय टांगलेला, तोंड भिंतीकडे. मग आपणच म्हणाला, "मामा, चकत्या दोनशे तेरा असायच्या ना?"

म्हटलं, असायच्या, साहेब.

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, माझंच मोजणं चुकतंय."

तर हसला हो! इतक्या दिवसांनी हसला. म्हणाला, "मोजणं बरोबर होतं, मामा. हजेरीत माझं नाव नसतं. ऑफिसवाल्यांनी चकती टाकायची नाही, असं मीच लिहून दिलं होतं. मग सांगणार कोणत्या तोंडानं? आणि सांगायचं कोणाला? कारखान्यातल्या माणसांचं ऐकायला ज्याला नेमलाय, तो मीच." मग लेथवाल्यानं त्याचा हात धरला आणि धरूनच बसला, वीस वर्षं लेथचा दांडा धरला तसा. निघताना साहेब म्हणाला, "पुन्हा कोणाची लाल निघाली तर लपवू नका. हिशेब जुळला नाही तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी मी शून्याच्या तिन्ही पाट्या काढल्या, धुतल्या, पुसल्या. खिळ्याला लावणार, तेवढ्यात ऑफिसातून धावत, "मामा, मामा, काय करताय? साहेब कामगार नाहीत! आणि सुट्टीत झालंय. हे धरत नाहीत." पाचशे सत्त्याऐंशी होते. पाचशे अठ्ठ्याऐंशी केले.

आता साहेबाच्या जागी नव्या बाई आल्यात. वाईट नाहीत, पोरसवदा आहेत, हसून बोलतात. पहिल्याच दिवशी मी काय केलं, आयुष्यात टाकली नव्हती ती चकती टाकली. लाल. रात्रंदिवस छातीवर तो पत्रा आहे हो माझ्या, कुठं ठेवू? म्हटलं, बघू, कोणी विचारतंय का. नऊ वाजता बाईंनी विचारलं, "मामा, चकत्या?" दोनशे तेरा. "हजेरी?" दोनशे बारा. "लाल?" एक. बाई दचकल्या. "अगं बाई! आणि ही जास्तीची कोणाची?"

"माझीच, बाई. लाल तीच."

बाईंनी वही उघडली, वरून खाली बोट फिरवलं, खालून वर फिरवलं. मग सुस्कारा टाकला, सुटल्यासारखा. म्हणाल्या, "काय मामा, घाबरवलंत! तुम्ही ठेकेदाराचे ना? तुमची धरत नाहीत."

मग काय! घातली खिशात. दोनशे बाराला दोनशे बारा, बरोब्बर जुळलं. फळ्यापाशी गेलो. आपलं काय, आपण आकडा बदलायचा.